पोटातला पापुद्रा आणि डॉक्टरांचा हात

भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता किंवा शिलाई मशीनवर बसून जिथं कुठं रेडिओ ऐकत असाल, तिथं सगळ्यांना माझा नमस्कार. या कार्यक्रमात आपण जुन्या गोष्टी सांगतो. कधी आपल्या भागातल्या, कधी लांबच्या. आजची गोष्ट मिरजेतून निघते, जर्मनी, इंग्लंड, जपान असं फिरून परत आपल्या बार्शीला येते. डॉक्टर आपला हात कसा तयार करतात, याची ही गोष्ट आहे. मधे पोटाच्या कॅन्सरचं नाव येईल. ते ऐकून रेडिओ बंद करू नका. हा आजार लवकर सापडला तर पोट न फाडतासुद्धा काढता येतो. तेच आज सांगायचं आहे.

मिरजेची शाळा

1889 साली विल्यम वॉनलेस नावाचा एक तरुण डॉक्टर आपल्या भागात आला. जन्म कॅनडातला, आला मिशनच्या कामासाठी. सुरुवात सांगलीत झाली. 1894 साली मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. आज ज्याला आपण 'मिरजेचा मिशन दवाखाना' म्हणतो, तोच तो. मोतीबिंदूपासून पोटाच्या ऑपरेशनपर्यंत सगळं तिथं होऊ लागलं. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे माणसं लांबून लांबून येऊ लागली.

एक डॉक्टर किती माणसांना पुरणार? हा प्रश्न वॉनलेस यांनाही पडला असणार, कारण 1897 साली त्यांनी मिरजेत डॉक्टर घडवण्याची शाळा सुरू केली. ते साल आपल्याला दुसऱ्या कारणानंही माहीत आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले त्याच वर्षी, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. माणसं पटापट मरत होती आणि गावात डॉक्टर नव्हता, असा तो काळ. त्या काळात मिरजेत इथल्याच मुलांना हाताशी धरून शिकवणं सुरू झालं. मोठ्या डॉक्टरांचं काम बघायचं, त्यांना हत्यारं द्यायची, जखमा बांधायच्या आणि मग हळूहळू स्वतः करायचं, अशीच वैद्यकी हातात उतरते.

वॉनलेस जवळपास चाळीस वर्षं इथं राबले. क्षयाचं रुग्णालय, कुष्ठरुग्णांसाठी आसरा अशी कामं त्यांच्या काळात उभी राहिली. वॉनलेसवाडी हे नाव त्यांचंच. पुढे 1962 साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. कराडला 1984 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत आहे, आणि आता साताऱ्यातही सरकारी महाविद्यालय झालं आहे. आपल्या पणजीच्या काळात डॉक्टर म्हणजे मिरज एवढंच होतं. आज आपल्या दोन जिल्ह्यांतच डॉक्टर तयार होतात.

मिरजेची दुसरी ओळखही तुम्हाला माहीत आहे. सतार आणि तंबोरे. हत्यारं बनवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडेकशे वर्षांपूर्वी तिथं वाद्यं बनवायला घेतली. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा, जवारी लावायची. ही कला मुलगा बापाशेजारी बसून शिकतो. भोपळा किती कापला म्हणजे पुरे, हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. डॉक्टरांच्या हाताचंही असंच आहे, हे पुढे कळेल.

न दिसणारी पिशवी

आता पोटाकडे येऊ. आपण 'पोट' म्हणतो त्यात बरंच काही असतं. मी बोलते आहे जठराबद्दल, म्हणजे घास गिळल्यावर जिथं जाऊन पडतो त्या पिशवीबद्दल. ही पिशवी बाहेरून दिसत नाही आणि हाताला नीट लागत नाही. त्यामुळे तिच्या आतला आजार कळायचा तो फार उशिरा. माणूस वाळला, ओकाऱ्या सुरू झाल्या, गाठ हाताला लागली की मग.

1881 साली 29 जानेवारीला व्हिएन्ना शहरात थिओडोर बिलरोथ या सर्जननं कॅन्सर झालेला जठराचा भाग कापून काढला आणि उरलेला भाग आतड्याला जोडला. हे ऑपरेशन यशस्वी होण्याची ती पहिली वेळ. रुग्ण होती 43 वर्षांची एक बाई. ऑपरेशनमधून ती वाचली, पण काही महिन्यांतच आजार उलटला आणि ती गेली. सर्जनचा हात चांगला होता, आजार मात्र आधीच पसरला होता. पुढची शंभर वर्षं डॉक्टर या एकाच प्रश्नाच्या मागे होते: हा आजार आधी कसा दिसेल?

त्याआधी, 1868 साली, जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं एक खटपट केली होती. जत्रेत तलवार गिळणारे असतात ना? तसा एक माणूस गाठून त्यांनी त्याच्या घशातून जठरापर्यंत सरळ नळी घातली. नळी गेली, पण आत अंधार! त्या वेळच्या दिव्याचा उजेड तिथंवर पोचेना.

मग 1932 साली रुडॉल्फ शिंडलर या जर्मन डॉक्टरनं थोडी वाकणारी दुर्बीण तयार करवून घेतली. तरी रुग्णाला मान ताठ धरून पडून राहावं लागे. रुग्णाचं डोकं धरायला असायची शिंडलर यांची बायको गॅब्रिएल. मान जरा चुकीची वळली तर अन्ननलिकेला इजा होण्याची भीती. म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्याइतकाच गॅब्रिएलचा हात महत्त्वाचा होता. इतिहासात नाव मात्र नवऱ्याचं मोठं झालं. हे आपल्याला काही नवीन नाही!

जपानमध्ये 1950 च्या सुमाराला उजी तात्सुरो या सर्जननं ऑलिंपस कंपनीच्या लोकांना बरोबर घेऊन जठरात उतरणारा इवलासा कॅमेरा केला. आत दिसायचं काही नाही, नुसते फोटो काढायचे आणि फिल्म धुतल्यावर बघायचं. पण निदान फोटो तरी मिळाले.

इथून पुढच्या गोष्टीत एक आपला माणूस आहे. पंजाबातल्या मोग्यात 1926 साली जन्मलेले नरिंदर सिंग कपानी. ते लंडनला शिकायला गेले आणि तिथं हॅरॉल्ड हॉपकिन्स या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी काचेचे केसासारखे बारीक तंतू एकत्र बांधून त्यातून चित्र पाठवून दाखवलं. तंतू वाकवले तरी चित्र पोचायचं. 1954 साली त्यांचं हे काम छापून आलं. ते वाचून बॅसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरनं अमेरिकेत सोबत्यांना घेऊन वाकणारी दुर्बीण बनवली आणि 1957 साली ती आधी स्वतःच्या घशातून घातली, मग रुग्णाच्या. आज तालुक्याच्या गावातही 'दुर्बिणीतून पोट बघतात', त्याचं मूळ तिथं आहे. आता तर दुर्बिणीच्या टोकाला कॅमेराच असतो आणि पोटाचा आतला भाग समोर टीव्हीवर दिसतो.

जपाननं काय केलं

जपानमध्ये जठराचा कॅन्सर फार. मीठ घातलेले मासे, खारवलेल्या भाज्या हे त्याचं एक कारण मानतात. दुसरं कारण आहे जठरात राहणारा एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी 1982 साली तो ओळखला. कुणी विश्वास ठेवेना, म्हणून मार्शल यांनी जंतूचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू आपल्याकडेही पुष्कळांच्या पोटात असतो, पण तो असलेल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो. तेव्हा त्या नावानं घाबरायचं काही कारण नाही.

जपानी लोकांनी ठरवलं की आजार अंगावर यायची वाट बघायची नाही. 1960 नंतर तिथं एक्स-रेच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. माणसाला पांढरं औषध पाजायचं आणि जठराचे फोटो काढायचे. 1962 साली, म्हणजे मिरजेचं महाविद्यालय सुरू झालं त्याच वर्षी, तिथल्या तज्ज्ञांनी 'सुरुवातीचा जठराचा कॅन्सर' म्हणजे नेमकं काय, हे ठरवून टाकलं. अशा कॅन्सरला गाठ नसते. कधी नुसता तांबूस डाग, कधी किंचित खोलगट, कधी किंचित उंच. शिकलेल्या डोळ्यालाच तो ओळखू येतो. आज जपानमध्ये जठराचे निम्म्याहून जास्त कॅन्सर सुरुवातीलाच सापडतात. तेव्हा सापडलेले शंभरातले नव्वदाहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही त्या आजारातून वाचलेले असतात.

भाकरीचा पापुद्रा

सुरुवातीचा कॅन्सर सापडला. पण त्यासाठी जठराचा मोठा भाग, कधी सगळं जठर काढायचं का? जठर गेलं की घास घास करून दिवसातून सहा-सात वेळा खावं लागतं, वजन उतरतं, बी-12 ची इंजेक्शनं घ्यावी लागतात. शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला हे किती जड जाईल, याचा विचार करा. म्हणून डॉक्टर वेगळी वाट शोधू लागले.

जठराच्या भिंतीला थर असतात. तव्यावरची भाकरी डोळ्यांपुढे आणा. भाकरी फुगते तेव्हा वरचा पापुद्रा खालच्या जाड भागापासून सुटतो, मधे वाफ असते. जठराचं आतलं अस्तर म्हणजे तो पापुद्रा. सुरुवातीचा कॅन्सर पापुद्र्यातच असतो, तोवर तो सहसा गाठींमध्ये पसरलेला नसतो. मग नुसता पापुद्राच काढला तर?

1980 नंतर जपानी डॉक्टरांनी तारेचा फास टाकून असे छोटे भाग काढायला सुरुवात केली. पण फासात येईल तेवढंच निघायचं, मोठा डाग तुकड्यातुकड्यांनी काढावा लागायचा आणि कड राहून जायची. 1990 नंतर टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून जाणारी एक सुरी तयार केली. तिच्या टोकाला चिनी मातीचा बारीक गोळा असतो. त्यामुळे सुरी बाजूनं कापते, पण टोक भिंतीत घुसत नाही. किती साधी युक्ती!

काम असं चालतं. रुग्णाला गुंगी देतात. तोंडातून दुर्बीण जाते. डागाच्या भोवतीनं बारीक ठिपके देऊन खूण करतात. मग पापुद्र्याखाली सुईनं औषधी पाणी सोडतात, की भाकरी फुगल्यासारखा तो भाग वर उचलला जातो. भोवतीनं गोल कापतात आणि खालून हळूहळू सोडवत सगळा डाग एका तुकड्यात बाहेर काढतात. तासभर लागतो, कधी त्याहून बराच जास्त. पोटावर टाका नाही, जठर जागेवर राहतं. आत जी जखम होते ती गोळ्यांनी साधारण दोन महिन्यांत भरते. काढलेला तुकडा तपासायला जातो. आजार खाली गेलेला दिसला तर मोठं ऑपरेशन करावंच लागतं. आणि पुढे दरवर्षी दुर्बिणीनं तपासत राहावं लागतं. 2006 साली जपान सरकारनं हा उपचार आपल्या विमा योजनेत घेतला.

हात कसा तयार होतो

हे ऐकायला सोपं आहे. करताना मात्र जठराची भिंत काही मिलिमीटरच जाड असते. सुरी जरा खोल गेली की भोक पडतं, शीर तुटली की रक्त उसळतं आणि टीव्हीवर सगळं लाल होतं. म्हणून नवा डॉक्टर पुष्कळ दिवस नुसता बघतो. मग मोठ्या डॉक्टरांना मदत करतो. मग डुकराच्या जठरावर सराव करतो, कारण ते माणसाच्या जठराशी बरंच मिळतंजुळतं असतं. त्यानंतर गुरू शेजारी उभे असताना रुग्णावर काम. तेही आधी जठराच्या खालच्या भागात, तिथं हात नीट चालतो. वरचा, वळणाचा भाग नंतर. जपानमध्ये साधारण तीसेक रुग्ण असे देखरेखीखाली झाले की हात बसायला लागला असं धरतात. बघा, पहिली भाकरी गोल आली म्हणून कुणी लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक सोपवत नाही!

आपले कितीतरी डॉक्टर ही कला शिकायला जपानला गेले. जपानचे तज्ज्ञ इथं येऊन रुग्णावर काम करून दाखवतात आणि सभागृहातले शेकडो डॉक्टर ते पडद्यावर बघतात. हैदराबादला डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या संस्थेत दुर्बिणीचं काम शिकायला देशभरातून डॉक्टर जातात. त्यांना 2025 साली पद्मविभूषण मिळालं. मुंबई-पुण्यातही हे काम होतं.

तरी एक अडचण आहे, आणि ती आपल्याशी जोडलेली आहे. जपानच्या डॉक्टरला सुरुवातीचे रुग्ण सहज मिळतात, म्हणून त्याचा हात बसतो. आपल्याकडे जठराचा कॅन्सर मुळात जपानपेक्षा पुष्कळ कमी. आणि ज्यांना होतो त्यातले बहुतेक उशिरा येतात, पापुद्र्याच्या पार पलीकडे गेल्यावर. मग डॉक्टर शिकून आला तरी हात चालवायला सुरुवातीचा रुग्णच मिळत नाही. आणि सराव नाही म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी सोय होत नाही. विहीर आहे, पण पोहरा कुणी सोडत नाही, असं झालं आहे.

बार्शीनं दाखवलेली वाट

मग काय करायचं? आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात याचं उत्तर आहे. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांमध्ये 1987 साली कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. देशात खेड्यांसाठी झालेली ही पहिली नोंदणी. बार्शीच्या डॉ. भगवान नेने यांचा त्यात मोठा वाटा. कार्यकर्ते गावोगाव जात, माणसांशी बोलत, कुठली लक्षणं दिसली तर यायचं ते सांगत. काही वर्षांत दिसून आलं की गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या. मोठं यंत्र आलं नव्हतं. नुसतं कुणीतरी दारात येऊन समजावून सांगितलं होतं.

पुढे 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी परदेशी तज्ज्ञांबरोबर मोठी पाहणी केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. एका गटातल्या बायकांची एकदाच एचपीव्ही ही तपासणी झाली. त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं जवळपास निम्म्यावर आले. 2009 साली हे जगभर छापून आलं. तपासणीला आलेल्या त्या बायका तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

आपण काय करायचं

जठराच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे सगळ्यांची सरसकट दुर्बीण करायची गरज नाही, कारण आजार तेवढा जास्त नाही. पण लक्षणं असताना अंगावर काढायचं नाही. मी गटांच्या वह्या तपासते तेव्हा कर्जाच्या कारणात 'दवाखाना' हा शब्द सारखा दिसतो. त्यातले बरेच खर्च उशीर झाल्यामुळे वाढलेले असतात. आधी मेडिकलमधून पित्ताची गोळी, मग सोडा, मग शेजारणीनं सांगितलेला काढा, आणि सहा महिन्यांनी एकदम मोठा दवाखाना.

तेव्हा हे लक्षात ठेवा. पन्नाशीच्या आसपास नव्यानं सुरू झालेलं आणि दोन-तीन आठवड्यांत न थांबणारं अपचन. थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं. काही न करता वजन उतरणं. घास अडकणं. वारंवार उलटी, किंवा उलटीत रक्त. डांबरासारखी काळी, चिकट संडास. रक्त कमी होत जाणं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, तेव्हा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ते सांगा. आणि पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त कमी असेल तर 'बायकांचं असतंच' म्हणून सोडून देऊ नका. ते रक्त जातं कुठं, हे शोधायला हवं. यातलं काही असलं म्हणजे कॅन्सरच झाला असं मुळीच नाही. बहुतेक वेळा अल्सर नाहीतर साधं पित्तच निघतं. पण ते दुर्बिणीनं बघून ठरू द्या. तपासणीला काही मिनिटं लागतात. घशात औषध मारून बधिर करतात, जरा उमासे येतात, त्याच दिवशी घरी येता येतं.

ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला आहे त्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. घरातल्या माणसांची विडी-सिगारेट सुटेल तेवढं बघा, तिनं जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आणि आपली मिश्री? ती तोंडाच्या कॅन्सरकडे नेते, तीही सोडायचीच. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात. त्यांना गाठून आपला उपचार योजनेत बसतो का ते आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या.

एक शेवटचं काम गटासाठी. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्यात कोण तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ पित्ताची गोळी घेते आहे? हात वर येतील. त्यातल्या प्रत्येकीबरोबर गटातली एक जण दवाखान्यात जाईल असं तिथंच ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. एकटीला जायला भीती वाटते, बरोबर कुणी असलं की नाही वाटत. मिरजेत सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टर शिकायला लागले ते आजारी माणसं दारात आली म्हणूनच. आपण वेळेवर गेलो तर पापुद्रा सोडवणारे हातही आपल्याच जिल्ह्यात तयार होतील.

आज इथंच थांबते. काळजी घ्या मैत्रिणींनो, आणि हे शेजारणीला जरूर सांगा. नमस्कार.